त्याला देव आहे की!

दोन वर्षांपूर्वी चैत्रात आमच्या गावच्या देवस्थान कमिटीने मला बोलावणे धाडले. मी बत्तीस वर्षे एलआयसीच्या पॉलिस्या विकल्या. गावाच्या लेखी मी 'विमावाला', मग विमा माणसाचा असो, म्हशीचा असो की ट्रॅक्टरचा. भैरोबाला चांदीची नवी प्रभावळ चढली होती आणि जत्रा आठ दिवसांवर आली होती. चेअरमन म्हणाले, "काका, देवाच्या ऐवजाचा विमा उतरवायचाय. हप्ता तुम्ही म्हणाल तो." मी सांगितले, वस्तूंचा विमा आमच्याकडे होत नाही, त्या कंपन्या निराळ्या, पण ओळखीचा माणूस पाठवून देतो. उठता उठता सहज विचारले, "आणि रात्री देवळात राखणीला झोपतो त्या आप्पाचं काय? त्याचाही अपघाताचा उतरवून टाका. वर्षाला वीस रुपये पडतात."

सेक्रेटरी हसले. "त्याला काय हुतंय? त्याला देव आहे की!"

मग सगळी कमिटी हसली. माणसे वाईट नाहीत. अडीनडीला धावून येणारी, जत्रेत स्वतः पंगतीला वाढणारी. पण त्या खोलीत भिंतीवर कॅमेऱ्यांचा पडदा चालू होता आणि माझी नजर तिकडे गेली. चार कॅमेरे. एक गाभाऱ्यावर, दोन दानपेटीवर आणि चौथा कमिटीच्या लोखंडी कपाटावर. आप्पा ज्या ओवरीत घोंगडी टाकून पडतो, तिथे एकही नाही. वाटणी अशी झाली होती: चांदीला विमा कंपनी, पैशाला कॅमेरा आणि माणसाला देव.

मी नास्तिक नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर काही मंडळी मला 'त्यांच्यातला' ठरवून इथेच पान उलटतील. गळ्यात माळ आहे. आळंदी ते पंढरपूर सात वेळा चाललो, गुडघा गेला म्हणून आठवी वारी राहिली. म्हणून तर अंगाचा तिळपापड होतो. नास्तिकाने देवाला नाकारले तर देवाचे काही बिघडत नाही. आपला कंजूसपणा, आळस आणि बेफिकिरी देवाच्या खात्यावर मांडणारा भक्त मात्र महाभयंकर. आमच्या धंद्यात दुसऱ्याची सही ठोकून कागद पुढे सरकवला तर फौजदारी होते. इथे राजरोस देवाची सही ठोकतात आणि वर प्रसाद वाटतात.

एलआयसीची खूण तुम्ही पाहिलेली असेलच. दोन हातांच्या आडोशाला जपलेली ज्योत आणि खाली दोन संस्कृत शब्द. ते शब्द गीतेच्या नवव्या अध्यायातले आहेत. माझ्या भक्ताचा योगक्षेम मी वाहतो, असे कृष्ण तिथे अर्जुनाला सांगतो. जे नाही ते मिळवून देणे हा योग, मिळालेले राखणे हा क्षेम. 1956 साली सरकारने 245 खासगी कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून महामंडळ काढले आणि भगवंताचे आश्वासन छापील बाँडवर येऊन बसले. धंद्यात नवा होतो तेव्हा मला हा आगाऊपणा वाटे. देवाने दिलेला शब्द हप्ते घेऊन पाळणारे हे कोण? पुढे डेथ क्लेमचे चेक घेऊन घरोघर जायची वेळ आली. तेराव्याच्या आत आलेले भाऊबंद पांगलेले असत, चुलीपुढे एक बाई आणि दोन पोरे. त्या घरात चेक ठेवताना मला ते दोन शब्द कधी आगाऊ वाटले नाहीत. आगाऊ वाटले ते भाऊबंद, जे जाताना सांगून गेले होते, "काळजी करू नको वहिनी, देव आहे."

या बत्तीस वर्षांत 'आमचा सगळा भार देवावर' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की ते कोणत्या पायरीवर ऐकू येणार, हेही मला आधीच कळे. एका अडत्याकडे मी चार वर्षे खेटे घातले. दरवेळी तो गादीमागच्या बालाजीकडे बोट दाखवी. मी कधी तोंडावर बोललो नाही, पण त्याच्या दुकानाच्या शटरला दोन कुलपे होती, आत तिजोरी, तिजोरीत आणखी एक चोरकप्पा, आणि गोदामातल्या मालाचा आगीचा विमा कारण बँकेने कर्जाला तो मागितला होता. बालाजीच्या भरवशावर सोडलेली एकच गोष्ट त्या दुकानात होती, ती म्हणजे त्याची बायको. त्याच्यामागे तिचे काय झाले ते मी इथे लिहीत नाही. गाव लहान आहे.

याच्या उलट वाईच्या घाटावर हार-दुर्वा विकणारी एक बाई. तीन महिन्यांचा हप्ता चिल्लर आणि चुरगळलेल्या नोटांत आणून द्यायची. बाँड तिच्या हातात दिला तेव्हा तिने त्याला हळद-कुंकू वाहिले आणि देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे उभा करून ठेवला. तिला कुणी विचारले नाही की बये, तुझा भरवसा देवावर की कंपनीवर. तिला तो प्रश्नच कळला नसता. देवावर हवाला ठेवणे आणि हप्ता भरणे ही तिच्या घरात एकाच सकाळची दोन कामे होती.

आता जरा रस्त्यावर या. गाडी नवी घेतली की पहिली पूजा, चाकाखाली लिंबू, आरशाला काळी बाहुली. इथवर माझे काही म्हणणे नाही, मीही नारळ फोडतो. मग डॅशबोर्डवर गणपती बसवतात, आणि तो नेमका कुठे? शेजारच्या सीटसमोरच्या एअरबॅगच्या झाकणावर, दुहेरी चिकटपट्टीने घट्ट. धडक बसली की ती पिशवी डोळ्याचे पाते लवायच्या आत फुटून वर येते आणि वाटेत असेल ते समोरच्याच्या तोंडावर भिरकावते. विघ्नहर्त्याला आपण गोफणगुंडा करून ठेवलेले असते. सीटबेल्टची पिपाणी वाजू नये म्हणून खाचेत नुसती पट्टी खोचायची आणि मूर्तीला हात जोडून गाडी एकशेवीसने सोडायची. हा देवावरचा विश्वास म्हणायचा की देवाला दिलेली धमकी?

आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. ज्या इस्पितळात डॉक्टर नाही, ज्या पुलाला कठडा नाही, ज्या कारभाराला वाली नाही, त्याला आपण म्हणतो 'रामभरोसे'. रामावरचा भरवसा ही खरे तर सगळ्यात मोठी गोष्ट असायला हवी होती. ज्या समाजात तो शब्द 'इथे कुणाचेच लक्ष नाही' या अर्थाने शिव्यांच्या रांगेत जाऊन बसतो, त्या समाजाने रामाला कोणत्या कामाला लावले असेल?

याचे उत्तर मांढरदेवला मिळते, वाईपासून वीसेक किलोमीटरवर. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा, काळूबाईची जत्रा. डोंगरावरची अरुंद वाट, नवसाच्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही अंगांना दुकानांची दाटी. माणसे घसरली, त्यांच्या अंगावर माणसे पडली, दुकाने पेटली, गॅसचे सिलिंडर फुटले. तीनशेच्या आसपास जीव गेले. दीड वर्षापूर्वीच, 2003 च्या ऑगस्टमध्ये, नाशिकच्या कुंभात 39 जण चेंगरून मेले होते, म्हणजे अक्कल यायला पुरेसा अवधी होता. मांढरदेवानंतर आमच्या भागात कुजबुज सुरू झाली: देवी कोपली, कुणाचे तरी सोवळे मोडले असणार. मी त्या आठवड्यात कागद भरत हिंडत होतो आणि हे ऐकत होतो. पायऱ्यांवर साचलेले नारळाचे पाणी वाहून जायला हातभर रुंदीची पन्हळ लागते. देवीच्या कोपाला पन्हळ लागत नाही, जबाबदार अधिकारी लागत नाही, वेगळी उतरायची वाट लागत नाही. कोप फार स्वस्तात पडतो. 2027 मध्ये नाशिकला पुन्हा कुंभ आहे, तेव्हा बघू गर्दीचे गणित कुणी मांडले आहे आणि कुणी देवावर सोडले आहे.

पण माझ्या मनातून जात नाही ते दिवेआगर. 17 नोव्हेंबर 1997, संकष्टीचा दिवस. एका बाईच्या सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला, किलोहून जास्त वजनाचा. श्रीवर्धन तालुक्यातले ते शांत गाव नकाशावर आले. लोकांची रीघ, लॉज, खानावळी, सोलकढी. मग 24 मार्च 2012 च्या पहाटे दरोडेखोर आले. राखणीला असलेल्या दोन माणसांना त्यांनी ठार केले आणि मुखवटा नेला. तो पुढे वितळवला गेला. खटला चालला, शिक्षा झाल्या, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये नव्या मुखवट्याची थाटात प्रतिष्ठापना झाली.

आता तुम्ही स्वतःलाच विचारा. दिवेआगरचे नाव काढले की आपल्याला काय आठवते? 'गणपती चोरीला गेला होता ते गाव.' मेलेल्या त्या दोघांसाठी आपल्या बोलण्यात साधे वाक्यसुद्धा तयार नाही. मुखवटा नवा घडवता आला, कारण सोने पुन्हा घडवता येते. देवाने स्वतःला का वाचवले नाही, हा प्रश्न मला पडत नाही, तो शाळकरी पोरांनी विचारावा. मला पडतो तो प्रश्न हिशेबाचा आहे. किलोभर सोने मध्ये ठेवून त्याच्यापुढे रात्रभर दोन माणसे बसवताना कुणीतरी त्या माणसांची किंमत केलेली असतेच, तोंडाने कबूल करो वा न करो. महाराष्ट्रातल्या किती देवळांच्या ओवऱ्यांत आज रात्री अशी माणसे काठी उशाशी घेऊन पडली असतील, आणि त्यातल्या कितींची नावे पगारपत्रकावर असतील? मी आमच्या तालुक्यातली देवळे फिरलो आहे. उत्तर चांगले नाही.

कुणीतरी आता शनिशिंगणापूर पुढे करणार, हे मला ठाऊक आहे. घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत, शनिदेव राखण करतो. नेवासे तालुक्यातले ते गाव मीही पाहून आलो, चौकटी पाहिल्या, चौकटीत दार नाही हेही पाहिले. मला ते फसवे वाटले नाही. भाबडेही वाटले नाही. दार नसलेल्या घरात सहसा कुणीतरी माणूस असतो, कुत्रे आत शिरू नये म्हणून रात्री फळी आडवी लावलेली असते आणि समोरच्या ओट्यावरची म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याचे तोंड निरखत असते. देवाचे भय आणि शेजाऱ्याची नजर, दोन्ही मिळून ती राखण होते. चांगली व्यवस्था आहे. फक्त पैसा आला की ती कशी गळपटते ते बघा. 2010 साली एका भाविकाने गाडीतला ऐवज गेल्याची तक्रार दिली. 2011 च्या जानेवारीत युको बँकेने तिथे 'बिनकुलपाची' शाखा काढली, देशभर फोटो छापून आले. दार काचेचे होते आणि त्याला विजेवरचे चुंबकी लॉक होते. म्हणजे कुलूप होते, पण शनिदेवाला दिसू नये असे. 2015 मध्ये गावात पोलीस ठाणे आले. आणि 2025 च्या जुलैत खुद्द मुख्यमंत्र्यांना विधानसभेत बनावट अॅप काढून भाविकांचे पैसे लाटल्याबद्दल आणि देवस्थानच्या कागदोपत्री नोकरांबद्दल बोलावे लागले. ज्या गावात घराला दार नाही तिथे चोर भिंत फोडून कशाला येईल? तो मोबाईलमधून आला.

आणि इथे देवाने शिक्षा का केली नाही म्हणून मी खिजवत नाही. देवस्थानात हिशेब तपासणारा माणूस लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे. 'शनिमहाराज बघतील' असे म्हणून जो हिशेब तपासत नाही, तो शनिभक्त नसून चोराचा भागीदार आहे.

खरी श्रद्धा कशी असते हे बघायला मला लांब जावे लागत नाही. वाईच्या घाटावर ढोल्या गणपती आहे. 1762 मध्ये गणपतराव रास्त्यांनी ते देऊळ बांधले, कृष्णेच्या अगदी पात्राला लागून. एवढी मोठी मूर्ती, पावसाळ्यात पाणी थेट देवळावर येणार. रास्ते काय म्हणाले असते, 'विघ्नहर्ता आहे, बघून घेईल'? त्यांनी देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची काढायला लावली, पुराचा लोंढा तिथे येऊन दुभंगावा आणि दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. आजही पावसाळ्यात पाणी त्या टोकावर कसे फाटते ते उभे राहून बघावे. अनाम पाथरवटांनी तिथे घातलेला दगड ही मला त्या देवळातली सगळ्यात मोठी पूजा वाटते, आणि तिच्यापुढे कुणी हळद-कुंकू वाहत नाही.

याच वाईत अफजलखानाचा तळ होता. तिथून तो प्रतापगडाकडे निघाला. 10 नोव्हेंबर 1659 ला महाराज भवानीचे स्मरण करून गड उतरले आणि अंगरख्याखाली चिलखत घालून उतरले. त्यांच्या भवानीभक्तीवर शंका घ्यायची कुणाची छाती आहे? मग हेल्मेट घालताना तुमची भक्ती कुठे आडवी येते?

मुंबईत माटुंग्याच्या जीएसबी सेवा मंडळाचा गणपती आहे. दरवर्षी त्याच्या विम्याचा आकडा पेपरात येतो, 2025 मध्ये तो 474.46 कोटी होता, आणि लोक व्हॉट्सअॅपवर टिंगल करतात, 'देवालाही विमा!' टिंगल करणाऱ्यांनी बातमी शेवटपर्यंत वाचलेली नसते. त्या आकड्यातला मोठा वाटा सोन्याचांदीचा नाही. तो स्वयंसेवक, पुजारी, आचारी, चपला सांभाळणारे, पहारेकरी यांच्या अपघात विम्याचा आहे. मोठेपणा मिरवतात का? मिरवत असतील. पण चपला सांभाळणाऱ्याचा विमा काढून मिरवतात. आमच्या कमिटीला हे कात्रण मी दाखवले. ते म्हणाले, ती श्रीमंत माणसं.

वारीतले सोबती मला म्हणतात, तू फार कोरडा झालास, वारकरी कुठे विमा काढून निघतो? खरे आहे, नाही काढत. पण ज्याने वारी केली आहे त्याने हे म्हणावे याचे नवल वाटते. वारीइतकी बांधीव गोष्ट महाराष्ट्रात दुसरी दाखवा. प्रत्येक दिंडीला क्रमांक, रथाच्या पुढे किती, मागे किती ते ठरलेले, मुक्काम ठरलेले, विणेकरी कोण, पाण्याचा टँकर कुणाचा, तंबू कुणी ठोकायचे, सगळे लिहिलेले. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड वर करतो आणि लाखांचा समुदाय क्षणात गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र गप्प होत नाही, टाळ वाजवत राहते. चोपदाराला तिच्याकडे जावे लागते, गाऱ्हाणे ऐकावे लागते, तेव्हा टाळ थांबतात. माऊलींच्या पालखीसमोर, आरतीच्या तोंडावर! तिथे कुणी म्हणत नाही, 'गप्प बसा, माऊली बघतील.' आणि 2020 च्या आषाढीला, ज्यांनी भिंत चालवली असे आपण सांगतो त्या ज्ञानोबांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. मोजके मानकरी, तोंडाला मास्क. त्या दिवशी मी घरी दूरदर्शनपुढे बसून रडलो, पण कुणाची श्रद्धा कमी पडली असे मला वाटले नाही.

माझा यात स्वार्थ आहे असे म्हणणारे आहेतच. "काका, कमिशनसाठी चाललंय." तर ऐका. वीस रुपयांचा तो विमा म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. 2015 ला सुरू झाली तेव्हा वर्षाला 12 रुपये होते, 2022 च्या जूनपासून 20 झाले. वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. बँकेतल्या खात्यातून परस्पर कापले जातात. त्यात मला दमडी मिळत नाही. आमच्या देवळाबाहेर नारळ त्याहून महाग आहे.

कमिटीने भैरोबाच्या ऐवजाचा विमा जत्रेआधी उतरवला. आप्पाला मग मीच स्कूटरवर मागे बसवून बँकेत नेले. वय चौसष्ट, बसत होते. खाते होते, निराधारचे पैसे त्यात येत. बँकेतल्या मुलीने फॉर्म भरायला घेतला, नाव, गाव, आधार, आणि विचारले, "वारस कोण लावायचा?" आप्पाची बायको गेलेली, मूलबाळ नाही. तो बराच वेळ टेबलावरच्या पेनाच्या दोरीकडे बघत राहिला. मग कराडला दिलेल्या पुतणीचे नाव त्याने सांगितले.

येताना मी चेष्टेने म्हणालो, "आप्पा, मला वाटलं भैरोबाचं नाव लावतोस का काय!"

मागून आवाज आला, "त्याला कशाला? त्याचा उतरवलाय की कमिटीनं."